उष्णता-वीज सहनिर्मितीचे इष्टतमीकरण : एक चिकित्सा

एकाच इंधनापासून उष्णता आणि वीज या दोहोंची निर्मिती करण्याची कल्पना विद्युत्‌निर्मितीच्या व्यवसायाइतकीच जुनी आहे. ज्या कारखान्यांना वाफेची गरज होती त्यांनी ती वाफ प्रथम टर्बाइनमधून काढून मग प्रक्रियेस द्यावी, हा शहाणपणा शिकवण्यास कोणत्याही शास्त्राची वाट पाहावी लागली नाही. गेल्या दोन-तीन दशकांत नवी पडलेली भर निराळी आहे. या सहनिर्मितीच्या शेजारी आता सौर पट व पवनचक्क्या येऊन बसल्या आहेत, आणि या सर्वांचे मिळून एखाद्या वसाहतीपुरते, विद्यापीठापुरते वा कारखान्यापुरते वीजजाल बनू लागले आहे. हे जाल मुख्य जालाशी जोडून चालते आणि प्रसंगी त्यापासून तुटूनही चालू शकते. त्यालाच मायक्रोग्रिड असे नाव पडले आहे. अशा जालातील कोणता संच केव्हा व किती चालवावा म्हणजे खर्च किमान होईल, हा त्याच्या इष्टतमीकरणाचा प्रश्न होय.

या प्रश्नावरील संशोधन-साहित्य विपुल आहे. लाग्रांज गुणकांपासून जनुकीय अल्गोरिदमपर्यंत आणि मुंग्यांच्या वा पक्ष्यांच्या थव्यांच्या वर्तनावरून घेतलेल्या शोधपद्धतींपर्यंत, गणिताच्या भात्यातील बहुतेक प्रत्येक बाण येथे वापरून झाला आहे. पदव्युत्तर प्रबंधांसाठी हा विषय सोयीचा ठरतो, कारण पद्धत नवी असली की निष्कर्षही नवा वाटतो. परंतु या साहित्याची परीक्षा केली असता असे दिसते की, त्याचे बळ उत्तर शोधण्यात खर्ची पडले असून प्रश्नाची मांडणी मात्र पुष्कळशी तशीच राहिली आहे. प्रस्तुत चिकित्सेचा रोख या मांडणीवर आहे.

१. एका प्रमाण-उदाहरणाची कथा

१९९६ मध्ये गुओ, हेन्वुड व व्हान ओयेन या संशोधकांनी सहनिर्मितीतील भारवाटपाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील उदाहरण पुढे या क्षेत्राची कसोटीच होऊन बसले. त्यात चार संच आहेत. पहिला केवळ वीज देतो, दुसरा व तिसरा वीज आणि उष्णता दोन्ही देतात, आणि चौथा केवळ उष्णता देणारा बॉयलर आहे. एकूण मागणी २०० मेगावॅट विजेची व ११५ मेगावॅट उष्णतेची. वीज 'व' आणि उष्णता 'उ' मानल्यास दुसऱ्या संचाचा खर्च २६५० + १४.५व + ०.०३४५व² + ४.२उ + ०.०३उ² + ०.०३१वउ असा दिला आहे, आणि तिसऱ्याचा १२५० + ३६व + ०.०४३५व² + ०.६उ + ०.०२७उ² + ०.०११वउ असा. पहिल्या संचाच्या विजेचा दर ५० व बॉयलरच्या उष्णतेचा दर २३.४ आहे. सहनिर्मितीच्या संचांना वीज व उष्णता स्वतंत्रपणे ठरवता येत नाहीत. दोहोंची जोडी एका ठरावीक बहुभुज क्षेत्रातच असावी लागते.

या प्रश्नाचे उत्तर ९२५७.०७ डॉलर हे आहे. दुसऱ्या संचाने १६० मेगावॅट वीज व ४० मेगावॅट उष्णता द्यावी, तिसऱ्याने ४० मेगावॅट वीज व ७५ मेगावॅट उष्णता द्यावी, उरलेले दोन शून्यावर असावेत. त्यानंतरच्या कित्येक निबंधांनी आपली नवी पद्धत याच आकड्यापाशी आणून तपासली आहे, आणि त्यांच्यातील स्पर्धा पुष्कळदा दशांश चिन्हानंतरच्या अंकांपुरती उरली आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेणे अवश्य आहे. पहिली अशी की, या उदाहरणातील खर्चाची फलने बहिर्वक्र आहेत आणि दोन्ही संचांची बहुभुज क्षेत्रेही जवळजवळ बहिर्वक्र आहेत. या प्रश्नाला एकच किमान मूल्य असते व साध्या द्विघाती प्रोग्रॅमिंगने ते निश्चितपणे हाती येते. इतकेच नव्हे, तर उत्तराची सत्यता कागद-पेन्सिलीने सिद्ध करता येते. वरील बिंदूवर दुसऱ्या संचाच्या विजेचा सीमांत खर्च २६.७८ व उष्णतेचा ११.५६ येतो. पहिल्या संचाची वीज ५० ला पडते आणि बॉयलरची उष्णता २३.४ ला, म्हणून ते दोन्ही बंदच राहणार. तिसऱ्या संचाच्या विजेचा सीमांत खर्च ४०.३१ आहे, म्हणजे त्याने वीज कमी करावी. त्याच्या उष्णतेचा सीमांत खर्च ५.०९ आहे, म्हणजे त्याने उष्णता वाढवावी. परंतु तो आपल्या क्षेत्राच्या एका कोपऱ्यात अडकलेला आहे. उष्णता वाढवू गेल्यास वीजही वाढते, आणि ४० मेगावॅटच्या खाली वीज उतरत नाही. प्रश्न येथे संपतो. ज्या प्रश्नात स्थानिक व सार्वत्रिक किमान यांत भेदच नाही, तेथे भेद ओळखण्यासाठी योजलेल्या पद्धतींची कसोटी लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या मांडणीत दोन्ही सहनिर्मिती-संच चालू आहेत असे गृहीत धरलेले आहे. कोणता संच चालू ठेवावा हा प्रश्नच विचारलेला नाही. तिसरा संच बंद ठेवून सर्व वीज व सर्व उष्णता दुसऱ्या संचाकडून घेतली, तर तो बिंदू त्याच्या क्षेत्रात बसतो. व = २०० व उ = ११५ घालून त्याचा खर्च काढल्यास तो ८५२२.७५ डॉलर येतो. ज्या किमान मूल्यासाठी इतकी वर्षे दशांशांची झुंज चालली, त्याहून हा खर्च ७३४ डॉलरने, म्हणजे जवळजवळ आठ टक्क्यांनी कमी आहे; आणि त्यासाठी कोणतीही नवी पद्धत लागली नाही.

मूळ लेखकांवर याचा दोष येत नाही. भारवाटपाचा प्रश्न चालू संचांचाच असतो. संच चालू-बंद करण्याचा निर्णय त्याआधीचा आणि निराळा. शिवाय दुसरा संच राखीव म्हणून चालू ठेवण्यास सबळ कारण असू शकते. जपानमधील सेंदाई येथील तोहोकु फुकुशी विद्यापीठाच्या मायक्रोग्रिडने ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर मुख्य जाल बंद असताना आपल्या परिसरातील महत्त्वाच्या भारांना वीज पुरवली, ती विविध साधने हाताशी होती म्हणूनच. राखीव शक्तीला मूल्य आहे हे मान्य करावयास हवे. पण मग ते मूल्य उद्दिष्ट-फलनात वा निर्बंधांत स्पष्टपणे लिहिले गेले पाहिजे. वरील उदाहरणात ते कोठेच नाही. दोष आहे तो हे उदाहरण उचलून नव्या काळातील मायक्रोग्रिडच्या अभ्यासाची चौकट म्हणून तसेच वापरणाऱ्यांचा.

२. वारा आला म्हणजे काय बदलते

याच उदाहरणात १०० मेगावॅट पवनवीज विनामूल्य उपलब्ध झाली असे समजावे. आता संचांकडून फक्त १०० मेगावॅट वीज हवी. उष्णता मात्र पूर्वीइतकीच, ११५ मेगावॅट. दोन्ही संच चालू ठेवण्याचा आग्रह धरल्यास असे आढळते की, इतकी उष्णता देताना त्यांची एकत्रित वीज सुमारे १२५ मेगावॅटच्या खाली आणताच येत नाही. म्हणजे निदान २५ मेगावॅट पवनवीज टाकून द्यावी लागते. खर्च किमान करू गेल्यास तर दोन्ही संच मिळून १३२ मेगावॅट वीज निर्माण करतात, ३२ मेगावॅट वारा वाया जातो आणि खर्च सुमारे ७५९६ डॉलर येतो. याउलट तिसरा संच बंद ठेवला तर दुसरा एकटा १०० मेगावॅट वीज व ११५ मेगावॅट उष्णता देऊ शकतो. सगळा वारा वापरला जातो आणि खर्च ५६८१ डॉलरवर उतरतो. फरक पंचवीस टक्क्यांचा आहे. संच थांबवण्या-सुरू करण्याचा खर्च त्यातून वजा करावा लागेल हे खरे. परंतु तो वजा करण्यासाठी प्रश्नात काळ असावा लागतो, आणि एका क्षणाच्या मांडणीत काळ नसतो.

या छोट्या गणिताचे तात्पर्य असे की, अपारंपरिक ऊर्जा जोडणे म्हणजे जुन्या समीकरणात आणखी एक पद मिळवणे नव्हे. तिच्या येण्याने निर्णयाचे स्वरूपच बदलते. पूर्वी सहनिर्मितीची 'सक्तीची वीज' ही फुकट मिळालेली जोड होती. आता तीच वीज वाऱ्याची वाट अडवते.

हे कागदावरचे संकट नव्हे. उत्तर चीनमधील शहरांना हिवाळ्यात उष्णता पुरवणारी कोळशाची केंद्रे 'उष्णता ठरवील तितकी वीज' या नियमाने चालत आली. २०१६ मध्ये त्या देशात निर्माण होऊ शकणाऱ्या पवनविजेपैकी सुमारे १७ टक्के वीज घेतली गेली नाही. ईशान्येकडील जीलीन प्रांतात हे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. वाहिन्यांची अपुरी क्षमता हेही त्याचे एक कारण होते. परंतु हिवाळी रात्री उष्णतेसाठी चालू ठेवाव्या लागणाऱ्या संचांचा वाटा त्यात मोठा होता.

३. इंधनाची बचत कोणाच्या तुलनेत?

सहनिर्मितीच्या बाजूने नेहमी दिला जाणारा युक्तिवाद तिच्या एकूण कार्यक्षमतेचा असतो. इंधनातील १०० एककांपैकी ३५ वीज व ४५ उष्णता म्हणून मिळाली, तर कार्यक्षमता ८० टक्के झाली असे म्हटले जाते. या बेरजेत दोन भिन्न प्रतीच्या वस्तू एकत्र केल्या आहेत. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम सांगतो की, उष्णतेतून किती कार्य मिळू शकेल हे तिच्या तापमानावर अवलंबून असते. सादी कार्नोने १८२४ मध्ये या विचाराचा पाया घातला. भोवतालचे तापमान २७ अंश सेल्सियस व उष्णता ९० अंशांची असेल, तर तिच्यातील जास्तीत जास्त सतरा टक्के ऊर्जाच कार्याच्या मोलाची असते. या हिशेबाने ४५ एकके उष्णता ही जवळजवळ ८ एकके विजेच्या तोडीची ठरते, आणि ८० टक्क्यांची बढाई ४३ वर येते. बहुसंख्य अभ्यासांत मात्र उष्णतेची मागणी केवळ किलोवॅटमध्ये लिहिलेली असते. ती ६० अंशांची आहे की १५० अंशांची, याचा उल्लेखही नसतो. सौर तापक वा उष्मापंप यांपैकी काय उपयोगी पडेल हे ज्या एका राशीवर अवलंबून आहे, तीच राशी वगळून पर्यायांची निवड केली जाते.

बचतीचा हिशेबही तुलनेसाठी काय घेतले यावर पालटतो. वरीलच संचाचे उदाहरण घ्यावे. ३५ एकके वीज ४० टक्के कार्यक्षमतेच्या औष्णिक केंद्रातून व ४५ एकके उष्णता ९० टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरमधून वेगवेगळी घेतली, तर ८७.५ अधिक ५० असे १३७.५ एकके इंधन लागले असते. सहनिर्मितीने १०० एककांत काम भागवले, म्हणजे बचत २७ टक्के. तुलनेस ५५ टक्के कार्यक्षमतेचे संयुक्त चक्राचे वायू-केंद्र घेतल्यास वेगवेगळ्या निर्मितीला ११३.६ एकके पुरतात आणि बचत १२ टक्क्यांवर येते. आणि ज्या तासाला जालात वाऱ्याची वा उन्हाची वीज वाया जात असते, त्या तासाला वेगळ्या निर्मितीस बॉयलरचे ५० एकके इंधनच पुरते. तेथे सहनिर्मितीचा संच बचत करत नसून दुप्पट इंधन जाळत असतो. त्या तासाला तीच ४५ एकके उष्णता, एका भाग विजेवर तीन भाग उष्णता देणारा उष्मापंप १५ एकके टाकाऊ विजेतून देऊ शकला असता.

एकच संच, एकच इंधन, आणि उत्तरे तीन. वर्षभरासाठी एकच सरासरी तुलनांक घेऊन काढलेले इष्टतम उत्तर या तिन्ही तासांना सारखेच लेखते. अपारंपरिक विजेचा वाटा अल्प होता तोवर ही चूक खपून जात असे. तो वाढेल तसतशी ही चूक उत्तराचा गाभाच पोखरते.

४. व्यवहाराने काढलेला मार्ग

या बाबतीत डेन्मार्कचा अनुभव मननीय आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर त्या देशाने १९७९ मध्ये उष्णतापुरवठ्याचा कायदा केला, आणि पुढे गावोगावी लहान सहनिर्मिती-केंद्रे उभी राहिली. त्यांची वीज प्रारंभी दिवसाच्या वेळेनुसार ठरवलेल्या त्रिस्तरीय दराने घेतली जाई. दर जास्त असताना इंजिने चालवून उष्णता साठवता यावी म्हणून या केंद्रांनी गरम पाण्याच्या मोठ्या टाक्या बांधल्या. २००५ पासून ही केंद्रे टप्प्याटप्प्याने बाजारभावावर आणली गेली, तेव्हा याच टाक्या निराळ्याच कारणाने उपयोगी पडल्या. वारा जोरात असताना इंजिने थांबवायची, टाकीतील उष्णता गावाला द्यायची, आणि वीज अतिशय स्वस्त झाली तर विद्युत् बॉयलरने टाकी पुन्हा भरायची, असा क्रम रूढ झाला. एरो बेटावरील मार्स्टाल येथे तर २०१२ मध्ये ७५,००० घनमीटर पाण्याचे जमिनीतील तळे उष्णता साठवण्यासाठी तयार झाले, आणि उन्हाळ्यातील सौर उष्णता थंडीच्या दिवसांपर्यंत पुरवण्याची सोय झाली. २०१९ मध्ये डेन्मार्कच्या वीजवापरातील पवनविजेचा वाटा सुमारे ४७ टक्के होता. इतका वारा पचवण्यास शेजारी देशांशी असलेल्या वाहिन्या प्रामुख्याने कारणीभूत आहेत हे नाकारता येणार नाही. तथापि गावागावांतील गरम पाण्याच्या टाक्यांचेही त्यात साहाय्य झाले.

या उदाहरणाचा बोध असा की, वीज आणि उष्णता यांना बांधून ठेवणारी गाठ साठवणीने सुटते, आणि उष्णतेची साठवण विजेच्या साठवणीहून फार स्वस्त पडते. कोणत्याही शोध-अल्गोरिदमने हा बोध दिला नसता, कारण ज्या मांडणीत टाकीच नाही तिच्या उत्तरात टाकी येत नाही.

५. महाराष्ट्रातील प्रश्न

महाराष्ट्राला घरे उबदार ठेवण्यासाठी उष्णता लागत नाही. म्हणून परदेशी शहरांच्या उष्णता-मागणीचे आलेख घेऊन येथील प्रबंध लिहिणे हे व्यर्थ होय. पण सहनिर्मितीचे एक मोठे क्षेत्र या भूमीत फार पूर्वीपासून उभे आहे, ते साखर कारखान्यांचे. लोणी येथील प्रवरा सहकारी कारखान्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ चा. तेव्हापासून राज्यात पसरलेल्या या कारखान्यांत उसाचे बगॅस बॉयलरमध्ये जाळून वाफ केली जाते, ती टर्बाइनमधून जाते आणि उरलेली कमी दाबाची वाफ रस आटवण्यास वापरली जाते. पूर्वीचे कमी दाबाचे बॉयलर जाऊन ८७ वा ११० किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाचे बॉयलर अनेक ठिकाणी आले, आणि कारखाना स्वतःची गरज भागवून मुख्य जालालाही वीज देऊ लागला. आता अशा आवारांत सौर पट बसू लागले असताना मायक्रोग्रिडचा प्रश्न येथे खऱ्या अर्थाने उपस्थित होतो.

तो प्रश्न असा मांडावा लागेल. सौर विजेचे एक एकक मिळाले तर किती बगॅस वाचेल? याचे उत्तर टर्बाइनचा कोणता भाग मागे घेतला यावर अवलंबून आहे. वाफ पुढे प्रक्रियेस जाणार असेल, तर तिच्यातून घेतलेल्या विजेच्या एका एककापोटी बॉयलरची कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास सुमारे १.४ एकके इंधन-उष्णताच जादा खर्च झालेली असते. वाफ मात्र कंडेन्सरमध्ये जाऊन तिची उष्णता वाया जाणार असेल व त्या मार्गाची एकूण कार्यक्षमता २५ टक्के असेल, तर एका एककापोटी ४ एकके खर्ची पडतात. म्हणजे तेच ऊन एका ठिकाणी दुसऱ्या ठिकाणाहून जवळजवळ तिप्पट बगॅस वाचवते. गाळपाच्या दिवसांत दुपारी कंडेन्सरकडील प्रवाह आधी कमी करावा, प्रक्रियेच्या वाफेवरची वीज शेवटी, हा नियम त्यातून आपोआप निघतो.

यातून पुढचा विचारही सुचतो. वाचलेले बगॅस हीच येथील साठवण आहे. डेन्मार्कमधील गावात जे काम गरम पाण्याची टाकी करते, ते साखर कारखान्याच्या आवारात बगॅसची रास करू शकते. आणि टाकी काही तासांची असते तर रास काही महिन्यांची. हंगाम संपल्यावर, सूर्य मावळल्यानंतरच्या मागणीच्या तासांत ती वीज देऊ शकते. परंतु उघड्यावरील बगॅस कुजते, पेट घेऊ शकते, आणि कागद-उद्योगालाही ते हवे असते. या तिन्ही गोष्टी प्रश्नात आल्या पाहिजेत. उसाच्या पुरवठ्यात खंड पडून गाळप थांबले म्हणजे वाफेची मागणी एकाएकी खाली येते, ही गोष्टही यायला हवी. तासागणिक एकसारखी उष्णता-मागणी धरणाऱ्या मांडणीत यांपैकी कशालाच जागा नाही.

६. उपसंहार

या सर्व विवेचनाचा अर्थ गणिती पद्धतींचे संशोधन निरर्थक आहे असा नव्हे. संच चालू-बंद करण्याचे निर्णय, टर्बाइनचे वेगवेगळे कार्यमार्ग, कित्येक दिवसांचा काळ आणि उन्हाची अनिश्चितता एकत्र आली म्हणजे प्रश्न बहिर्वक्र राहत नाही. तो खरोखर कठीण होतो, आणि तेथे समर्थ पद्धतीला खरे काम मिळते. विपर्यास एवढाच आहे की, कठीण पद्धती सोप्या प्रश्नांवर चालवल्या जात आहेत आणि कठीण प्रश्न तसेच पडून आहेत.

म्हणून या विषयावरील कोणत्याही प्रबंधाकडून चार गोष्टींची अपेक्षा करणे न्याय्य ठरेल. उष्णतेची मागणी तापमानासह लिहिलेली असावी. संच थांबवण्याची मुभा आणि साठवण हे दोन्ही प्रश्नाचे अंगभूत भाग असावेत. सहनिर्मितीच्या प्रत्येक एककाने त्या त्या तासाला कोणती वीज बाजूला सारली याचा निर्देश असावा. आणि निवडलेली पद्धत प्रश्नाच्या काठिण्याला अनुरूप आहे हे आधी दाखवावे. साध्या पद्धतीने उत्तर मिळत असेल तर तसे प्रांजळपणे सांगावे. प्रबंधातील चुकलेल्या गृहीताची शिक्षा पदवीला होत नाही. त्याच गृहीतावर भांडवल गुंतवणाऱ्या कारखान्याला, आणि त्या कारखान्याच्या सभासद शेतकऱ्याला, ती वर्षानुवर्षे भोगावी लागते.